२८ फेब्रुवारीला विभाग लोकांसाठी खुला ठेवायचाय: पोस्टर, भाषण आणि रांगोळीच्या पलीकडे काय?

तिनपायी

नमस्कार मंडळी,

राज्यातल्या एका विद्यापीठाचा भौतिकशास्त्र विभाग. राष्ट्रीय विज्ञान दिनाचा बेत वर्षानुवर्षं ठरलेला: दीपप्रज्वलन, पाहुणे, दीड तासाचं भाषण, पोस्टर स्पर्धा, विज्ञान रांगोळी, चहा-बिस्किटं. बघायला कोण, तर आमचेच एमएस्सीचे विद्यार्थी, तेही हजेरी लागते म्हणून. शेवटी नॅकच्या मूल्यांकनासाठी जागेची नोंद असलेला (जिओटॅग) फोटो काढला की कार्यक्रम संपला.

यंदा विभाग दिवसभर बाहेरच्यांसाठी खुला ठेवायचं ठरलंय. हाताशी एक सभागृह, चार प्रयोगशाळा, एमएस्सी-पीएचडीचे मिळून ४० जण आणि ४०,००० रुपये. आमचं मुख्य काम वायू ओळखणाऱ्या पातळ थरांवर. शेजारचे वनस्पतिशास्त्र आणि भूशास्त्र विभागही यायला तयार आहेत. शहरातल्या शाळांना पत्रं गेली तर १,५०० मुलं सहज येतील.

प्रश्न असे:
१. इतक्या मुलांना फिरवायचं कसं?
२. संशोधन दाखवायचं म्हणजे नेमकं काय दाखवायचं? यंत्र दाखवलं की लोक विचारतात "केवढ्याचं?" आणि पुढे सरकतात.
३. दिवस रामन परिणामाचा, तर तो लोकांना दिसेल असा प्रयोग आहे का?
४. एका दिवसाच्या जत्रेनंतर पुढे काही उरेल असं काय करता येईल?

---

रांगेतला

आधी हिशोब, कारण खुल्या दिवसाचा बोऱ्या बहुतेक वेळा विज्ञानामुळे नाही, गर्दीमुळे वाजतो.

सहा टेबलं धरा. एका टेबलाला १५ मुलं, ८ मिनिटं प्रयोग, २ मिनिटं पुढच्या टेबलाकडे जायला. सहा गट एकाच वेळी फिरले तर तासाला ९० मुलं होतात. साडेनऊ ते साडेचार, मध्ये एक तास जेवणाचा, म्हणजे सहा फेऱ्या. एकूण ५४०. ही कमाल झाली, आणि पहिल्या बसला उशीर झाला की तीही गाठत नाही. १,५०० बोलावलीत तर ९६० मुलं कॉरिडॉरमध्ये उभी राहून फक्त एकमेकांच्या पाठी बघतील. शाळांना वेळ नेमून द्या, प्रत्येक शाळेला एक तास आणि ४५ मुलांची मर्यादा. शेवटचा दीड तास शाळांना देऊच नका. तो पालक, रिक्षावाले, विभागासमोरचा चहावाला, कोणीही यावं असा मोकळा ठेवा. तेवढ्याने दोन फेऱ्या कमी होतील, होऊ द्या.

दहावी-बारावीला पत्र पाठवू नका. फेब्रुवारीच्या शेवटी दोन्हींच्या बोर्ड परीक्षा चालू किंवा अगदी तोंडावर असतात. सातवी ते नववी बोलवा.

माणसं: टेबलाला तिघं. एक बोलणारा, एक सामान भरणारा-पुसणारा, एक रांग बघणारा. दीड तास सलग बोललं की घसा बसतो आणि त्याहून वाईट म्हणजे बोलणं पाठांतर वाटायला लागतं. म्हणून दोन पाळ्या. ६ × ३ × २ = ३६. तुमचे ४० पुरले, चार जण फाटकावर. बोलणारा म्हणून सर्वांत हुशार पोरगा घेऊ नका. आधी "तुला काय वाटतं?" विचारून पाच सेकंद गप्प राहू शकणारा घ्या. ती पाच सेकंदं सगळ्यात अवघड जातात.

सूक्ष्मदर्शकाच्या टेबलावर १५ मुलं आणि एकच सूक्ष्मदर्शक ठेवलात तर प्रत्येकाला अर्धं मिनिट मिळतं, त्यातलं निम्मं डोळा लावण्यात जातं. तीन सूक्ष्मदर्शक ठेवा, नाहीतर एकावर कॅमेरा बसवून चित्र टीव्हीवर घ्या. आयपीसवर हाताने मोबाइल धरून दाखवणं टाळा, हात हलतो आणि मुलांना नुसता काळा वर्तुळाकार अंधार दिसतो.

पिण्याचं पाणी, मुलींच्या स्वच्छतागृहाकडे जाणारा बाण, बस उभी करायची जागा, प्रथमोपचार पेटी. हे चार कागदावर आले नाहीत तर बाकी काही लिहू नका. दुपारी ऊन चांगलंच तापलेलं असतं, रांग सावलीत लावा.

लोक येतील कसे, हे बघायचं तर नारायणगावजवळचं खोडद बघा. तिथल्या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या परिसरात, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना असलेल्या त्या जीएमआरटीत, विज्ञान दिनाला शाळा-कॉलेजची मुलं स्वतःचे प्रकल्प मांडतात. ज्याचं पोर मांडणीत उभं, त्याचं घरदार बघायला येतं. दुर्बिणीचं कुतूहल आहेच, पण आजूबाजूच्या गावांतली माणसं आपलं पोर काय बोलतं हे ऐकायलाही येतात. तुमच्या सहापैकी एक टेबल गावातल्या शाळांना देऊन टाका.

---

लोलक

तिसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण या दिवशी सर्वांत जास्त चुकीचं याच बाबतीत सांगितलं जातं.

पाण्यात दूध टाकून टॉर्च लावायचा, बाजूने निळसर आणि समोरून तांबूस दिसतं, आणि खाली पाटी: "रामन परिणाम". हा रामन परिणाम नाही. रामन परिणामात विखुरताना थोड्या प्रकाशाची तरंगलांबी, म्हणजे रंग, बदलतो. यात प्रकाश विखुरतो पण त्याची तरंगलांबी तीच राहते. निळ्या आकाशाचं कारण रॅलेच्या विकिरणात आहे, रामनच्या शोधात नाही. प्रयोग छान आहे, पाटी बदला. (एक लिटर पाण्यात साय काढलेल्या दुधाचे ४-५ थेंब पुरतात. सायीच्या दुधातले स्निग्ध गोळे मोठे असतात, निळा रंग नीट उठत नाही. आणि थेंब टाकून लगेच दाखवू नका, ढवळून मिनिटभर थांबा.)

दुसरी चूक जास्त फसवी. हिरवा लेसर ऑलिव्ह तेलाच्या बाटलीतून सोडला की आत लाल-नारिंगी रेष दिसते. "बघा, रंग बदलला, हाच रामन परिणाम!" नव्हे. ती तेलातल्या हरितद्रव्याची प्रतिदीप्ती आहे, म्हणजे ते हिरवा प्रकाश शोषून लाल सोडतं. रामन विकिरण इतकं क्षीण असतं की ढोबळमानाने कोटीभर फोटॉनांमागे एखादाच रंग बदलून बाहेर पडतो. हिरव्या ५३२ नॅनोमीटरच्या लेसरचा पाण्यातून येणारा रामन प्रकाश साधारण ६५० नॅनोमीटरला, म्हणजे लालात पडतो, पण साध्या डोळ्याला, उजेडाच्या खोलीत, तो दिसायची आशा सोडा.

मग करायचं काय? विभागात किंवा शेजारच्या रसायनशास्त्रात रामन स्पेक्ट्रोमीटर (रंगातला हा बदल मोजून पदार्थ ओळखणारं यंत्र) असेल तर तोच टेबल क्रमांक एक. पण यंत्राची ओळख करून देऊ नका. टेबलावर चार पांढऱ्या वस्तू मांडा: फळ्याचा खडू, अंड्याचं कवच, कवडी आणि पीओपीच्या मूर्तीचा रंग न लागलेला तुकडा. विचारा, "यातल्या कोणत्या दोन-दोन सख्ख्या?" मुलं हाताळतात, वजन बघतात, वास घेतात, भांडतात. मग एकेक वस्तू यंत्रात. कवच आणि कवडी दोन्ही कॅल्शियम कार्बोनेट, त्यांच्या आलेखातलं मोठं शिखर १०८५ च्या आसपास. आपल्याकडचा नेहमीचा खडू आणि पीओपी दोन्ही जिप्सम, त्यांचं १००८ ला. (एकक सेंटिमीटर व्यस्त, पण ते मुलांना सांगायची गरज नाही, "नंबर" म्हणा.) इथे "केवढ्याचं?" हा प्रश्न उशिरा येतो, कारण आधी "माझी अंगठी टाकून बघा" येतं. धातूच्या अंगठीने काही मिळणार नाही, खड्याने मिळेल. खडू मात्र आधी स्वतः तपासून घ्या, काही 'डस्टलेस' खडू कार्बोनेटचे असतात आणि मग ऐन वेळी चार वस्तूंतल्या तीन सख्ख्या निघतात.

लेसर बंद कप्प्यात असलेलंच यंत्र वापरा. रस्त्यावर मिळणारे हिरवे पॉइंटर टेबलावर ठेवूच नका. चिठ्ठीवर काहीही लिहिलेलं असो, आतली शक्ती बरीच जास्त असू शकते, शिवाय स्वस्त हिरव्या लेसरमधून न दिसणारा अवरक्त प्रकाशही गळतो. मुलांच्या हाती द्यायचा तर १ मिलिवॉटच्या आतला, तोही टेबलाला घट्ट बांधलेला.

स्पेक्ट्रोमीटर नसेल तर वर्णपटदर्शक, म्हणजे प्रकाशातले रंग वेगळे करून दाखवणारं साधन. खोकं किंवा पुठ्ठ्याची नळी, एका टोकाला फट, दुसऱ्या टोकाला सीडीचा तुकडा. सीडीवरचा चकचकीत थर चिकटपट्टीने ओढून काढायचा, खाली राहतो तो पारदर्शक तुकडा वापरायचा. डीव्हीडी वापरली तर रंग जास्त पसरतात, पण कडेने तिचे दोन थर सोडवावे लागतात आणि रंगद्रव्य अल्कोहोलने धुवावं लागतं. लोक अडकतात ते कोनापाशी. सीडीच्या रेघांमधलं अंतर १.६ मायक्रॉन, त्यामुळे हिरवा रंग सरळ रेषेपासून साधारण २० अंश बाजूला दिसतो. डीव्हीडीचं अंतर ०.७४ मायक्रॉन, तिथे तोच हिरवा ४८ अंशांवर जातो. मुलं सरळ फटीकडे बघत बसतात आणि "काहीच दिसत नाही" म्हणतात. भोक त्याच कोनात पाडा, म्हणजे सांगावं लागणार नाही.

फटीसाठी दाढीचं ब्लेड नको. काळ्या इन्सुलेशन टेपच्या दोन सरळ कडा, मध्ये पोस्टकार्डाच्या जाडीएवढी जागा. फट रुंद झाली की रेषा एकमेकींत मिसळतात. बघायला तीन दिवे: जुना तारेचा बल्ब (अखंड पट्टा), एलईडी (निळ्याचा उंचवटा, मग एक खळगा, मग पिवळा-लाल) आणि सीएफएल (पाऱ्याच्या सुट्या रेषा, ५४६ ची हिरवी आणि ४३६ ची निळी-जांभळी ठळक). सीएफएल आता दुकानात सहज मिळत नाही, माळ्यावरून शोधून ठेवा, आणि फुटू देऊ नका, आत पारा आहे. वर्णपटदर्शकातून सूर्याकडे बघायचं नाही, ही पाटी मोठ्या अक्षरात.

आणि भाषण करायचंच असेल तर कोलकात्याच्या त्या संस्थेची गोष्ट सांगा. रामन आणि कृष्णन यांनी १९२८ मध्ये जिथे हा शोध लावला, ती इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स महेंद्रलाल सरकारांनी १८७६ मध्ये लोकवर्गणीतून उभी केली, आणि तिच्या सुरुवातीच्या कामातला मोठा भाग लोकांसाठीची प्रात्यक्षिक व्याख्यानं हाच होता. वीस मिनिटांत संपवा म्हणजे झालं.

---

तिनपायी

लोलक, चार पांढऱ्या वस्तू हे फारच आवडलं. (आमच्या गेल्या वर्षीच्या दोन पोस्टरांवर निळ्या आकाशाखाली रामनचा फोटो होता. पहिलं बक्षीस त्यातल्याच एकाला.)

आमच्या स्वतःच्या कामाचं काय? झिंक ऑक्साइड, टिन ऑक्साइडचे थर, वायू आला की रोध बदलतो. आमची मोजणीची कुपी बंद भट्टीत असते, एका मोजणीला ४० मिनिटं लागतात. लोकांपुढे काय ठेवू?

---

लोलक

तुमचा थर नका ठेवू, त्याचा बाजारातला भाऊ ठेवा. एमक्यू-३ नावाचा अल्कोहोलचा सेन्सर, आतला पदार्थ टिन ऑक्साइडच. इलेक्ट्रॉनिक्सच्या कुठल्याही दुकानात मिळतो. अर्डुइनो (सेन्सर वाचणारा छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड) जोडा, लॅपटॉपवर रोधाचा आलेख चालू ठेवा. सॅनिटायझरचा एक थेंब कापसावर घेऊन १० सेंटिमीटरवर धरला की आलेख उडी मारतो.

बिघडतं काय ते आधीच सांगतो. आतला तापक ५ व्होल्टवर साधारण १५० मिलिअँपिअर ओढतो. तीन सेन्सर अर्डुइनोच्याच पिनेवर लावलेत तर व्होल्टेज खचतं आणि आलेख वायूशिवायच नाचतो. वेगळा ५ व्होल्टचा अडॅप्टर द्या, जमीन-तार (ग्राउंड) मात्र सामाईक. सेन्सर तापायला किमान २० मिनिटं द्या, नवा असेल तर आदल्या दिवसापासून चालू ठेवा. पंखा बंद. मुलं सॅनिटायझरची बाटलीच सेन्सरच्या तोंडाशी नेतात, मग तो काही मिनिटं वर चढून बसतो आणि रांग तुंबते. म्हणून दोन संच, आलटून पालटून.

समजवायला एक वाक्य बास: "गरम टिन ऑक्साइडवर हवेतला ऑक्सिजन बसतो आणि इलेक्ट्रॉन धरून ठेवतो; अल्कोहोलची वाफ तो ऑक्सिजन उचलून नेते, इलेक्ट्रॉन सुटतात, वीज सहज वाहते." मग तुमची काचपट्टी हातात द्या. वरचा थर ३०० नॅनोमीटरचा असेल तर केसाच्या जाडीचा साधारण दोनशेवा भाग. आणि नंतर खरा प्रश्न विचारा: "याला सॅनिटायझर कळला, अत्तरही कळलं. दोन्हींतला फरक याला कळेल का?" अत्तराने तशीच उडी येते, आणि मुलांच्या लक्षात येतं की याला वास ओळखता येत नाही, फक्त काहीतरी आल्याचं कळतं. तुमची पीएचडीची मुलं नेमकी याच्याशीच तर झगडताहेत. संशोधन दाखवायचं म्हणजे आपण कुठे अडलोय ते दाखवायचं. पाहुण्याला पोचतं ते तेवढंच.

---

शेवाळं

वनस्पतिशास्त्राच्या टेबलावर केळ्यातला डीएनए सगळेच करतात, आणि सगळेच घाईत करतात. प्रमाण देते.

पिकलेलं अर्धं केळं (साधारण ५० ग्रॅम) पिशवीत घालून मळायचं, मिक्सर नको, फेस होतो. १०० मिलिलिटर पाण्यात एक चमचा मीठ आणि दोन चमचे भांड्यांचा द्रव साबण. हळू मिसळून ५ मिनिटं ठेवा, मग पातळ सुती कापडातून गाळा. गाळलेला रस परीक्षानळीत ५ मिलिलिटर आणि त्यावर तितकंच बर्फगार आयसोप्रोपिल अल्कोहोल नळीच्या कडेने, नळी तिरकी धरून, थेंबथेंब. दोन थर वेगळे दिसले पाहिजेत. दोन-तीन मिनिटांत मधल्या सीमेवर पांढरे धागे वर येतात. ओतलं की संपलं, सगळं मिसळून गढूळ होतं. अल्कोहोल आदल्या रात्री फ्रीझरमध्ये ठेवा (गोठत नाही) आणि टेबलावर बर्फाच्या डब्यात. ते ज्वलनशील आहे, त्यामुळे या टेबलाजवळ बर्नर नाही, समई तर नाहीच. उद्घाटनाची समई कुठे ठेवताय ते बघून घ्या.

आणि खरं सांगा: काडीवर गुंडाळून येतो तो शुद्ध डीएनए नव्हे. त्यात आरएनए, प्रथिनं आणि केळ्यातलं पेक्टिनही असतं. "हा डीएनए आहे हे कशावरून?" असं एखादी आठवीतली मुलगी विचारते, आणि बोलणारा गडबडतो. त्याला उत्तर शिकवून ठेवा: दिसण्यावरून कळत नाही, त्यासाठी पुढची चाचणी लागते, ती आम्ही वर करतो. मग वर नेऊन त्या चाचणीतल्या जेलचा फोटो दाखवा.

सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायला पॅरामेशियम (डबक्यातले एकपेशीय जीव) हवेत तर २१ तारखेपासून तयारी. मूठभर वाळलेलं गवत पाण्यात उकळून गार करायचं, त्यात डबक्याचं अर्धी वाटी पाणी, वर जाळीचं झाकण, सावलीत. पाच-सात दिवसांत भरतं. दोन बरण्या लावा, एक हमखास नासते. ते पळतात फार, म्हणून थेंबात पिंजलेल्या कापसाचे चार धागे टाका, अडकून जागेवर फिरतात.

कागदी फोल्डस्कोप वाटायचा विचार असेल (साधारण १४० पट मोठं दाखवतो) तर नुसता वाटू नका, तो जोडायलाच नवख्याला अर्धा तास लागतो. शिक्षकांची वेगळी कार्यशाळा घ्या आणि शाळेला पाच द्या.

---

काळापाषाण

चौथ्या प्रश्नावर. खुला दिवस संपला की लोकांशी संबंध संपतो, हे दुखणं भूशास्त्र विभागाने काढता येईल.

एक गाव घ्या, विद्यापीठापासून तासाभराच्या आत. त्या गावातल्या १२-१५ विहिरींची पाणीपातळी वर्षभर, महिन्यातून एकदा, गावातल्याच शाळेच्या शिक्षकांनी आणि मोठ्यांनी मोजायची. विभागाने पद्धत शिकवायची, आकडे तपासायचे आणि परत गावात न्यायचे. बेसाल्टात, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणात, पाणी भेगांमध्ये आणि मऊ झालेल्या थरांमध्ये साठतं, त्यामुळे शंभर मीटरवरच्या दोन विहिरींचं वागणं वेगळं असू शकतं. गावकऱ्यांना हे आधीच ठाऊक असतं. त्यांच्याकडून कोणती विहीर कधी आटते हे ऐकूनच विहिरी निवडा.

पद्धत: ३० मीटरची पोलादी टेप, टोकाला वजन. शेवटच्या मीटरभर पट्टीला खडू चोळायचा. टेप सोडायची, काठावरच्या खुणेशी पूर्ण मीटरचा आकडा धरायचा, वर ओढून खडू कुठवर भिजला ते वाचायचं. वजाबाकी केली की खोली. खूण तैलरंगाने कठड्यावर कायमची, नाहीतर दर महिन्याला वेगळा माणूस वेगळ्या दगडावरून मोजतो. कठड्याची जमिनीपासूनची उंची एकदाच मोजून वजा करायची. हे विसरलं की ९० सेंटिमीटरचा फरक "पाणी खाली गेलं" म्हणून वहीत बसतो.

सर्वांत मोठी चूक वेळेची. मोटार चालू असताना किंवा नुकती बंद झाल्यावर मोजलेली पातळी विहिरीची नसते, मोटारीची असते. शेतीची वीज पाळीने येते, आठवड्याला वेळ बदलते. ती पाळी बघून मोटार सुरू व्हायच्या आधी मोजा, आणि वहीत एक रकाना "शेवटची मोटार कधी" असा ठेवा. बिनकठड्याच्या विहिरीवर मुलं नाहीत, आणि मोठेही दोघांपेक्षा कमी नाहीत.

नायट्रेटची पट्टी वापरणार असाल तर मर्यादा ४५ मिलिग्रॅम प्रति लिटर. पट्टीवर जास्त दिसलं तर तो आकडा व्हॉट्सअॅपवर टाकायचा नाही. नमुना प्रयोगशाळेत तपासून घ्यायचा, आधी विहिरीच्या मालकाला आणि ग्रामपंचायतीच्या पाणीपुरवठा समितीला सांगायचं. एखाद्याच्या विहिरीवर "पाणी खराब" असा शिक्का बसला की तो पुसत नाही. आणि पातळीचे आकडे हे शेजाऱ्याच्या बोअरवेलवरून चाललेल्या भांडणात पुरावा म्हणून वापरले जातात, त्यामुळे सुरुवातीलाच मालकाची संमती, लिहून.

आकडे परत न्यायची जागा तयारच आहे. ग्रामसभा १ मे आणि २ ऑक्टोबरला होते: एक ऐन टंचाईत, एक पावसाळा सरताना. एकाच तक्त्यावर दोन्ही वेळच्या पातळ्या लावा. "पातळी" म्हणून मीटर लिहू नका, विहिरीचं उभं चित्र काढून निळ्या रंगाने भरा. तिथे प्रोजेक्टर नेऊ नका, उजेडात दिसत नाही.

---

जोडाक्षर

सगळ्यांनी मुद्द्याचं लिहिलंय, पण पोस्टर छापायला कोण देणार आहे? माझं काम तेच.

संशोधनाचं पोस्टर इंग्रजीतून उचलून मराठी करू नका. "थराचे अनीलन करून सब्स्ट्रेटवर निक्षेपण" हे मराठी नाही, हे इंग्रजीवर चढवलेलं धोतर आहे. "काचेवर थर चढवला, मग भट्टीत भाजला." संपलं. प्रत्येक पोस्टरला मथळा म्हणून एकच प्रश्न, दहा-बारा शब्दांत, आणि सगळा मजकूर शंभर शब्दांत. खालचं अक्षर २८ पॉइंटच्या खाली नको. देवनागरीला वर मात्रा आणि खाली उकार असतात, त्याच आकारात रोमनपेक्षा बारीक वाचली जाते.

आता फ्लेक्सवाल्याकडची गोष्ट. तुम्ही युनिकोडमध्ये टाइप करता, त्याच्याकडे जुनं सॉफ्टवेअर जुन्या फाँटवर चालतं. मजकूर चिकटवला की जोडाक्षरं फुटतात: 'विद्यापीठ'चं 'विद् यापीठ', रफार भलत्याच अक्षरावर, ऱ्हस्व वेलांटी मागच्या अक्षरावर. तुम्ही रात्री अकराला व्हॉट्सअॅपवर बघून "ओके" म्हणता आणि सकाळी दहा फुटांवर 'विज् ञान दिन' लटकतं. उपाय: मजकूर पाठवूच नका. फाइल पूर्ण तयार करून, अक्षरं आकृतीत बदलून पीडीएफ पाठवा, आणि छापण्याआधी एक ए-४ नमुना कागदावर मागा.

दुसरं, २७ तारखेला मराठी भाषा गौरव दिन असतो. दोन दिवस जोडा. २७ ला तुमच्या पीएचडीच्या मुलांकडून प्रत्येकी पाच मिनिटं मराठीत बोलून घ्या, स्लाइड नाही, हातात एक वस्तू. मराठी विभागाची मंडळी समोर बसवा, ती नेमक्या जागी "म्हणजे काय?" विचारतील. २८ ची ती रंगीत तालीम होते.

---

रांगेतला

जोडाक्षर यांच्या तालमीला +१. लोकांपुढे गप्पांचा प्रकार मुळात कसा चालतो ते बघायचं तर टीआयएफआर या मुंबईच्या संशोधन संस्थेचं "चाय अँड व्हाय?" बघा, २००९ पासून चालू आहे. जुहूचं पृथ्वी थिएटर, माटुंग्याचं रुपारेल कॉलेज, रविवारची सकाळ. संस्थेच्या फाटकात लोकांना बोलवायच्या ऐवजी शास्त्रज्ञ लोकांच्या जागी जातात. तुमच्या शहरातलं जुनं सार्वजनिक वाचनालय त्यासाठी चालेल.

यशाचं मोजमापही ठरवून ठेवा. हजेरीपटावरच्या सह्या म्हणजे यश नव्हे. फाटकाशी दोन बरण्या आणि वाटीभर चवळी ठेवा, वर प्रश्न: "आकाश निळं दिसतं ते रामन परिणामामुळे का?" हो / नाही. आत जाताना एक दाणा. बाहेर पडायच्या दाराशी तशाच दुसऱ्या दोन बरण्या. संध्याकाळी दाणे मोजा. बाहेरच्या बरणीत 'हो' तेवढेच राहिले असतील तर लोलकच्या टेबलावर काहीतरी चुकलं.

---

लोलक

चालेल, मोजा. फक्त चवळीची वाटी रांगवाल्याच्या हातात ठेवा, सातवीतली पोरं मूठभर टाकतात.

---

तिनपायी

सगळ्यांचे आभार. आजच्या विभागाच्या बैठकीत ठरलं ते असं: ३६० मुलं, आठ शाळा, तीन ते साडेचार सर्वांसाठी मोकळं. सहा टेबलं: चार पांढऱ्या वस्तू, वर्णपटदर्शक, एमक्यू-३, केळं, पॅरामेशियम, आणि सहावं शाळांचं. भूशास्त्राच्या सरांनी गाव सुचवलं आहे, संमतीचा कागद आधी करायला घेतला. समई सभागृहाच्या बाहेर.

एक अडचण राहिली. रामन स्पेक्ट्रोमीटर दुसऱ्या मजल्यावर आहे, खोलीत एका वेळी सहापेक्षा जास्त माणसं मावत नाहीत. पंधराचा गट कसा बसवू?

---

लोलक

वर नेऊच नका. वस्तू खाली, यंत्र वर. वरून स्क्रीन व्हिडिओ कॉलवर खाली टीव्हीवर घ्या. निवडलेली वस्तू घेऊन गटातली दोन मुलं जिन्याने वर जातील, स्वतः कप्प्यात ठेवतील, बाकीची खाली शिखराची वाट बघतील. एका वस्तूला मिनिटभराहून जास्त लागू नये अशी वेळ आधीच बसवून घ्या, आणि कॉलला विद्यापीठाचं वायफाय नको, केबल ओढा.